बारा फुटांची वाट

केसरीनाथ मढवीनं बोट आणली त्या दिवशी त्याच्या बायकोची, कमळची, दातखीळच बसली.

कशेळी आणि काल्हेरच्या मधल्या त्यांच्या पाड्यात गोदामाचं भाडं येऊ लागल्यावर माणसं काय करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी गाडी घेतो, कुणी घरावर तिसरा मजला चढवतो, कुणी पोरीच्या हळदीला दोन हजार माणूस जेवू घालतो. दोन हजार सातचा शिमगा नुकताच झाला होता, आणि ह्या बाबानं मुंबईच्या कुठल्याशा बंदरात सहा वर्षं पडलेली बावीस फुटांची फायबरची जुनी बोट लांबलचक ट्रेलरवर घालून दारात आणून उभी केली. वर बुटकी केबिन, केबिनवर आडवी बांधलेली डोलकाठी, आणि सबंध अंगाला महारोग झाल्यासारखा रंग. पांढरी म्हणावी तर पांढरी नाही, पिवळी म्हणावी तर तेही नाही. हात लावला की तळव्याला चुन्यासारखी भुकटी लागायची.

कमळनं केबिनच्या भोकातून आत डोकावून पाहिलं. "ह्याच्यात मानूस झोपतो?"

"दोघं झोपतात. शेगडीपन बसते," केसरीनाथ म्हणाला.

"आन् ह्यो कोपऱ्यातला डबा?"

"संडास हाय तो."

कमळ घराला लागून असलेल्या शेडच्या पायरीवर मटकन बसली. पन्नाशीच्या नवऱ्यानं कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळल्यावर बायको करणार तरी काय? तिनं एकच विचारलं, "कोनासाठी?"

केसरीनाथनं ओटीकडे हनुवटी केली. तिथं खुर्चीत त्याचे वडील बसले होते. महादू मढवी, वय चौऱ्याऐंशी.

महादूनं जन्मभर तर चालवली होती. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. दूधवाले, मास्तर, बाळंतपणाला निघालेल्या बाया, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊ-भाऊ, सगळे महादूच्या होडीतून खाडीपार जायचे. पुढं पुलावरून गाड्या वाढल्या, तर बसली, होडी कुजली आणि एका थंडीत तिची लाकडं चुलीत गेली. त्या दिवसापासून म्हातारा बोलायचा कमी झाला. मागच्या वर्षी तो आजारातून उठला तेव्हा केसरीनाथनं त्याला विचारलं होतं, बाबा, काय पायजे तुमाला? म्हातारा म्हणाला, "एक डाव आपल्या उतारावरनं पान्यात जायाचंय. मंग मी मोकला."

उतार म्हणजे घरामागून खाडीत जाणारी वाट. बारा फूट रुंद, चिखलाची, दोन्ही अंगाला तिवरं. बापजाद्यांच्या होड्या तिथूनच पाण्यात गेल्या होत्या. लाकडाची होडी करणारा सुतार आता पाड्यात उरला नव्हता, म्हणून केसरीनाथनं ही तयार बोट धुंडाळून आणली. आणल्या आणल्या त्यानं पट्टी लावली. बोट आठ फूट, ट्रेलर नऊ फूट, वाट बारा फूट. "दोन्ही अंगाला दीड-दीड फूट मोकली," असं तो पुढं चौदा महिने ज्याला त्याला सांगत होता.

पहिल्याच आठवड्यात त्यानं घात केला. लाकडाची होडी दर वर्षी खरवडायची असते. जुना थर लाकडापर्यंत उतरवायचा, भेगांत तेलाराळेत भिजवलेला कापूस कोंबायचा आणि नवा हात द्यायचा, हे त्याला बापानं कान पिळून शिकवलेलं. तेव्हा त्यानं खरवडणी घेतली, जाडा कागद घेतला आणि जोर लावून नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, हातभर जागा घासून काढली. पांढरं गेलं आणि खालून हिरवट काळ्या धाग्यांची जाळी वर आली. लाकूड काही येईना.

काल्हेरला फायबरच्या टाक्या आणि दरवाजे बनवणारा मोरू त्याचा शाळासोबती. तो सहज बघायला आला आणि ती जागा बघून डोक्याला हात लावून उभा राहिला.

"केसरी, ह्यो रंग न्हाय रं. जेलकोट हाय. साच्यात पयला ह्योच थर पडतो, मंग मागनं काचेचा कपडा. ही बोटीची कातडी हाय, आन् तू तिला जित्ती सोलतोस."

केसरीनाथच्या हातातली खरवडणी खाली पडली. लहानपणापासून होड्यांत वाढलेला माणूस. आपल्या हाताला कळत नाही असं काही बोटीत असेल, हे त्याच्या गावीच नव्हतं. त्या रात्री तो जेवला नाही. कमळला वाटलं आता खूळ उतरलं. कसलं उतरतंय! दुसऱ्या दिवशी तो मोरूच्या कारखान्यात शिकाऊ पोरासारखा जाऊन बसला.

सोललेली जागा भरायला नवा जेलकोट कालवायचा, तर त्याचा पांढरा जुन्या पांढऱ्याशी जुळेना. थेंबभर पिवळा, सुईच्या टोकाएवढा काळा, करता करता सातव्या वाटीला रंग मिळाला. मग सगळं अंग घासायचं. पाणी मारत मारत आधी सहाशे नंबरचा कागद, मग आठशेचा, हजाराचा, पंधराशेचा. मेलेली भुकटी जाईल आणि कातडी मात्र पातळ होणार नाही, एवढाच हात. त्यावर रबिंगची लुकदी, तिच्यावर फिरणारं लोकरीचं मशीन, शेवटी मेण. दिवसाला एखाद्या परातीएवढी जागा व्हायची. शेजारी येऊन बघून जायचे आणि बाहेर पडल्यावर हसायचे. चुलतभाऊ चंद्रा तर तोंडावरच म्हणायचा, "म्हशीला येवढं घासलं असतंस तर दूध तरी दिलं असतं."

एके दिवशी मेणाचं फडकं फिरवताना त्या पांढऱ्यात केसरीनाथला स्वतःचं तोंड दिसलं, पिकल्या मिशीसकट. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्यानं म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं. महादूनं त्या चकचकीत अंगावरून बोटं फिरवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसला. "यो मासा हाय रं," तो म्हणाला. त्यानंतर केसरीनाथला गावानं हसलं काय आणि रडलं काय, सारखंच होतं.

शेडमागचं रान त्यानं दोन हजार चारमध्ये एका गोदामवाल्या कंपनीला विकलं होतं. तीन वर्षं ते तसंच पडून होतं. गणपतीनंतर तिथं काम निघालं. जेसीबी घरघरायला लागली, डंपर यायला लागले आणि धूळ उडून नेमकी ओल्या जेलकोटवर बसू लागली. एकदा सबंध उजवी बाजू त्याला पुन्हा घासावी लागली. तो इतका चिडला की शेडची मागच्या बाजूची खिडकी त्यानं जाड प्लास्टिकनं मढवून टाकली, फटींत चिंध्या कोंबल्या आणि वर चिकटपट्टी मारली. कंपनीची जागा, कंपनी बांधणार, आपली बोट सांभाळावी, एवढंच त्याच्या डोक्यात. ती खिडकी नंतर त्यानं उघडलीच नाही, आणि होडी गेल्यापासून घरामागं जायचं कुणाला काम उरलंच नव्हतं.

हिवाळाभर बोटीचा संसार मांडणं चाललं. डेकवर दोर बांधायच्या नव्या खुंट्या आल्या, कठड्याला स्टीलचे दांडे आले. तळाचं पाणी उपसायला पंप, पंपाला बॅटरी, मागं लटकवायचं इंजिन, डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. शीड उंदरांनी कुरतडलं होतं, ते काल्हेर नाक्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्यानं असं शिवून दिलं की ठिगळं शोधावी लागत. होकायंत्र आलं तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, खाडीत हरवायला जागा तरी आहे का?" शेवटी कमळही विरघळली. तिनं केबिनमधल्या दोन्ही बाकांना गाद्या शिवल्या, शेगडीशेजारी चहासाखरेचे डबे ठेवले आणि संडासाला मात्र पडदा लावून तो जगात नाहीच असं ठरवलं.

मुहूर्त धरला चैत्री पुनवेचा. मोठी भरती, दुपारी दीडच्या सुमाराला पाणी उताराच्या वरच्या दगडापर्यंत येणार, असा महादूनं बोटांवर मोजून हिशेब दिला. सकाळपासून पाडा लोटला. हसणारे सगळे आता इस्त्रीचे कपडे घालून आले होते. शेडचं दार उघडलं आणि ऊन बोटीवर पडलं तेव्हा बायकांनी डोळ्यांवर हात धरले. चंद्रानं बँडवाला आणला होता. म्हाताऱ्याला नवं धोतर नेसवून, उचलून बोटीत बसवलं होतं. त्याच्या हातात सुकाणूचा दांडा होता, आणि तो सोडायला तो तयार नव्हता.

"चिखल आनला?" महादूनं विचारलं.

ही त्यांच्या घरची रीत. नवी होडी पाण्यात जाण्याआधी तिच्या नाळेला उताराचा चिखल लावायचा, मग नारळ. होडीला आपला काठ ओळखता यावा म्हणून. चौदा महिने घासलेल्या त्या आरशाला आता चिखल फासायचा! पण बाप बोलला होता. केसरीनाथनं स्टीलची वाटी घेतली आणि तो शेडला वळसा घालून मागं गेला.

मागं भिंत होती.

तो थांबला. आपण वळण चुकलो असं त्याला वाटलं. स्वतःच्या घरामागं! तो परत शेडच्या कोपऱ्यापर्यंत आला आणि पुन्हा पावलं मोजत गेला. भिंत तिथंच होती. दोन पुरुष उंच, वर काचा, काँक्रीटची, अजून सिमेंटचा वास येणारी. चिंचेचं झाड होतं. झाडाखालचा दगड होता. दगडापासून जी वाट सुरू व्हायची तिच्यावर ही भिंत बसली होती, आणि ती डावीकडे नजर पोचेल तिथपर्यंत, उजवीकडे नजर पोचेल तिथपर्यंत गेली होती. केसरीनाथनं भिंतीला हात लावला. म्हशीच्या पाठीला लावतो तसा, हळूच.

लोखंडी दारातून वॉचमन बाहेर आला. "क्या काम है?"

"खाडीपे जाने का है."

"इधर से रस्ता नहीं है. गेटपास है?"

केसरीनाथ कुठल्या तोंडानं परत अंगणात आला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं चंद्राला बाजूला ओढलं आणि सांगितलं. चंद्राचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "आरं मंग त्या धर्माच्या उतारावरनं नेऊ ना." पलीकडच्या घरचा धर्मा तिथंच होता; तो म्हणाला, त्यानं त्याचा तुकडा दोन हजार पाचलाच विकला, वाट चंद्राची आहेच की, म्हणून. आणि चंद्रानं? चंद्रा मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी तुज्याच भरवशावर इकला, केसरी. मना वाटला तुजा उतार हाय."

बँड वाजत होता. कुणीतरी जाऊन तो थांबवला. सबंध पाडा तिथं उभा होता, आणि एकेक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बापजादे खाडीवर जगलेली एकवीस घरं. प्रत्येकानं आपली वाट शेजाऱ्याच्या वाटेवर विसंबून विकली होती. पाण्यापर्यंत जायला बारा फूट सोडा, बारा बोटं उरली नव्हती. गेली दोन वर्षं पाड्याचे गणपतीसुद्धा टेम्पोत बसून पुलाकडच्या पायऱ्यांवर बुडायला जात होते. तेव्हाही एकाच्या डोक्यात उजेड पडला नाही! सगळे म्हणाले, टेम्पो बरा, चिखल लागत नाही.

केसरीनाथला भिवंडीतला दस्तलेखक हरीभाऊ आठवला. खरेदीखताला बसले होते तेव्हा त्या सज्जन माणसानं चष्मा वर करून विचारलं होतं, "केसरीनाथ, पूर्वेस खाडी असं लिहितो. पण पाण्याकडे जायची वाट राखून ठेवायची असेल तर आत्ताच सांगा, तसं घालतो." आणि केसरीनाथ हसला होता. अगदी खो खो हसला होता. म्हणाला होता, "वाट काय लिवायची, हरीभाऊ? वाट काय कोनाची असते? वारा लिवतात का?" मग त्यानं सही केली होती. साक्षीला चंद्रा होता. तोही हसला होता.

"केसऱ्या, चिखल!" बोटीतून हाक आली. "पानी चडतंय."

आता इथं केसरीनाथनं जे केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगायला हवं. त्यानं दारातल्या तुळशीच्या कुंडीतली माती घेतली, नळाखाली कालवली आणि ती वाटी बापापुढं धरली. महादूनं दोन बोटं बुडवली. बोटं नाकाशी नेली.

"ही खाडीची न्हाय," तो म्हणाला.

त्यानं बोटं नव्या धोतराला पुसली.

"उतार कुठं हाय?"

"भिंत हाय, बाबा."

"कोनी इकला?"

चौदा महिन्यांत केसरीनाथनं एकदाही मान खाली घातली नव्हती. "मी."

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं त्या चकाकणाऱ्या बोटीवर नाळेपासून मागपर्यंत नजर फिरवली, दिवे, दांडे, शीड, सगळं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मंग ही केलीस कोनासाठी?"

कमळ पदर तोंडाला लावून घरात निघून गेली. केसरीनाथ ट्रेलरच्या चाकाला टेकून खाली बसला, आणि दीडची भरती भिंतीपलीकडे आली आणि गेली. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

तोड काढली ती कमळनं. तिचं माहेर खाडीकाठच्याच कोन गावचं. तिथं गणपती विसर्जनाचा चांगला रुंद उतार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा भिवंडी नाक्यावरून होता, आणि कंटेनर आणि टेम्पोंच्या गर्दीत ती झळझळीत पांढरी बोट बैलगाडीच्या चालीनं सरकत होती. आत महादू. खाली उतरायला तो काही केल्या तयार झाला नव्हता. दांडा हातात धरून तो रस्त्याकडे बघत बसला होता, आणि सिग्नलला थांबलेली माणसं तोंडात बोटं घालून त्याच्याकडे बघत होती.

कोनला कमळच्या आत्यानं, आक्कानं, नारळ दिला. म्हातारीनं बोटीकडे कौतुकानं पाहिलं आणि निरागसपणे विचारलं, "जावई, तुमच्या गावाला खाडी न्हाय का?" केसरीनाथला कुणी थोबाडीत मारली असती तर त्यानं गाल पुढं केला असता. त्याऐवजी तो ट्रेलरचे दोर सोडायला लागला.

बोट पाण्यात गेली. चौदा महिन्यांची मेहनत एका बाजूला जरासुद्धा न कलता तरंगली. पुलांसाठी डोलकाठी आडवी ठेवूनच बाप-लेक इंजिनावर निघाले. दहा मिनिटांत महादूची पाठ सरळ झाली. उथळ कुठं, ओढ कुठं, तो न बघता सांगत होता. केसरीनाथला वाटलं, जिंकलं. वाट नसेना का, बाप तर पाण्यात आहे.

काल्हेर मागं पडलं तशी भिंत सुरू झाली. एकाच रंगाची पत्र्याची छपरं आणि त्यांच्याखाली सलग भिंत.

"हे कंचं गाव?" महादूनं विचारलं.

केसरीनाथनं ऐकलं नाही असं दाखवलं. पन्नास वर्षं अंधारात, धुक्यात, पुरात आपला काठ ओळखणारा माणूस तीनतीनदा मान वळवून बघत होता. मग वळणावर त्याला भिंतीवरून डोकावणारा चिंचेचा शेंडा दिसला आणि त्यानं तिकडे हात केला. "हितं. हितं घे."

बोट भिंतीच्या पायथ्याशी आली. महादूनं बोटीतला बांबू पाण्यात खुपसला, वर काढला आणि टोकाचा काळा चिखल मुठीत घेतला. वास घेतला. मग केसरीनाथचा हात धरून पुढं सरकला आणि त्या आरशासारख्या नाळेवर त्यानं तो पंजाभर फासला. एवढी रीत झाली. म्हातारा समाधानानं हात झटकत म्हणाला, "चल. घर आलं. उतरव मना."

घर दोनशे पावलांवर होतं. बोटीत होकायंत्र होतं, दोन गाद्या होत्या, चहाचे डबे होते, पाच कप्पे होते आणि दर कप्प्यात काहीतरी होतं. पुलाकडच्या पायऱ्यांपुढं ओहोटीत कंबरभर गाळ असतो. परत कोन, आणि कोनवरून ट्रेलर.

"हितं उतरता येत न्हाय, बाबा."

वरून वॉचमनची शिट्टी वाजली. "ए, इधर रुकना मना है!"

महादूनं वर पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मग मुलाकडे. त्याला आता समजलं. काल त्यानं ऐकलं होतं, समजलं आत्ता. तो मागं येऊन बसला आणि दांडा त्यानं आपणहून केसरीनाथच्या हातात दिला.

"येवढी वरसं तर हाकली," तो म्हणाला. "चोर आला, सावकार आला, मुडदा आला, एकाला मी काठाला लावल्याबिगर ठेवला न्हाय. फिरव बोट. पानी उतरतंय."

केसरीनाथनं बोट फिरवली.